खडूच्या रेघेबाहेर

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. आठवीत शाळा सोडली आणि हातात ब्रश घेतला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला. मोठे शब्दही मला येत नाहीत. पण तोंडाने सांगायला गेलो तर जीभ अडखळते. बरोबरचे कारागीर मला 'मुकी भिंत' म्हणतात. म्हणून लिहितोय. दिवा जवळ ओढलाय आणि तुम्ही समोर बसला आहात असं धरून चालतो.

मी घरं रंगवतो. त्या दिवशी दुपारी मालकांचा फोन आला. त्यांची एक जुनी तीन मजली इमारत आहे, तळमजल्यावर चार खोल्या भाड्याने दिल्यात. कोपऱ्यातल्या खोलीच्या भिंतीला पुन्हा काळा डाग आलाय, संध्याकाळपर्यंत ऑइल पेंटचे दोन हात मारून टाक, असं ते म्हणाले. उद्या सकाळी मुलांच्या दवाखान्याकडून एक बाई खोली बघायला येणार होत्या. 'पुन्हा' हा शब्द ते सहज बोलून गेले. मला तो टोचला, कारण त्या भिंतीवरचे आधीचे दोन्ही वेळचे हात माझेच होते.

पहिल्यांदा गेलो त्याला चार वर्षं झाली. तेव्हा खोली रिकामी होती, आधीचे भाडेकरू घाईने गेले होते. मागच्या भिंतीत वर, हात उंच केला की पोचेल असा एक झरोका होता. त्यातून पाऊस येतो, मांजरं येतात, बुजवून टाक, असं मालक म्हणाले. कोपऱ्यात लहान मुलाची एकच सँडल पडली होती. निळी, रबराची. गंमत म्हणून मी ती हातावर ठेवून बघितली. टाच मनगटाशी ठेवली तर पुढचं टोक जेमतेम बोटांच्या मुळाशी आलं. कुणाला तरी देऊ म्हणून ती झरोक्यात ठेवली, मग माल कालवला, विटा लावल्या, गिलावा केला. रात्री जेवायला बसल्यावर आठवलं की सँडल आतच राहिली. हसू आलं. एका सँडलसाठी भिंत कोण फोडतो? ती ज्याची होती ते मूल कुठे गेलं, हे मी कुणाला विचारलं नाही.

आता त्या खोलीत एक शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. त्यांचे मिस्टर ट्रकवर असतात, महिन्यातून दोनदा घरी येतात. मुलगी चार वर्षांची. तिला घरात 'खार' म्हणतात, कारण बिस्किट खाऊन टाकायचं सोडून गालात धरून बसते.

मी डबा आणि ब्रश घेऊन दारात उभा राहिलो. भांडण होईल असं वाटलं होतं. ताईंनी मशीन थांबवलं, दोरा तोडला आणि म्हणाल्या, "रंगवायचं तर रंगवा, भाऊ. पण आधी बघून घ्या."

त्यांनी कपाट बाजूला सरकवलं.

डाग मी पुष्कळ बघितलेत, पण असा नाही. काळा, कडेला हिरवट, मखमलीसारखा. आणि त्याच्याभोवती खडूच्या रेघा. शिंपी कापडावर खुणा करतात तो खडू, गुलाबी, निळा, पांढरा. एका रेघेबाहेर दुसरी, दुसरीबाहेर तिसरी, झाड आडवं कापल्यावर दिसतं तसं. प्रत्येक रेघेवर तारीख आणि तारखेखाली एक आकडा. दर रविवारी ताई डागाच्या कडेने रेघ ओढायच्या. आकडा म्हणजे त्या आठवड्यात खार किती रात्री खोकत उठून बसली तो. जिथे डाग दोन बोटं सरकला होता, तिथे आकडा पाच, सहा. मध्ये दहा दिवस त्या बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. तिथे शून्य.

हे वहीत का नाही लिहिलं, मी विचारलं. कागद हरवतो, भिंत कुठे जात नाही, असं त्या म्हणाल्या. या भिंतीचा फोटो बघून दवाखान्यातले डॉक्टर खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. त्यांनीच तपासणीच्या बाईंना चिठ्ठी दिली. मोठ्या माणसाला या बुरशीने शिंका येतील, डोळे चुरचुरतील. पण लहान मुलांच्या श्वासाच्या नळ्याच बारीक, त्या सुजल्या की हवेला वाट उरत नाही, असं त्यांनी समजावलं होतं. मागच्या आठवड्यात खारीला दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं होतं. पुन्हा इतकं झालं तर आपल्या हातात राहीलच असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी म्हटलं, मी आठवीत शाळा सोडली, तुम्ही खूप शिकलेल्या दिसता. ताई हसल्या. "सातवी. तुम्ही माझ्यापेक्षा एक यत्ता पुढे."

खार मशीनजवळच्या स्टुलावर बसली होती. श्वास घेताना तिच्या फासळ्यांमधली कातडी आत ओढली जायची, आणि बारीक शीळ वाजायची. ती माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होती.

"त्याला पण दम लागतो," ती म्हणाली.

"कुणाला गं?"

"आतल्याला."

ताईंनी मान खाली घातली. ती असंच बोलते, त्या म्हणाल्या. आपण कधी ऐकलेलं नाही. मग पदराला चिकटलेला दोरा काढत, "म्हणजे… ऐकलंय. पण मी दमलेली असते हो."

माझ्या हातात रंगाचा डबा होता. ऑइल पेंट मारला की भिंत चकचकीत होते आणि आतली ओल आतच कोंडते. हे मला माहीत होतं, आणि तरी मी दोनदा मारला होता. तिसऱ्यांदा मारला तर उद्या त्या बाईंना पांढरी स्वच्छ भिंत दिसेल, आणि ही पोरगी आज झोपते तिथेच उद्याही झोपेल. माझं निम्मं काम मालकांकडून येतं. तरी तोंडातून निघून गेलं, "ताई, रंग नाही मारत. झरोका उघडतो."

"कुठला झरोका?"

दोन वर्षं त्या खोलीत राहून त्यांना माहीतच नव्हतं. मी बोट वर केलं. मीच बुजवला, असं सांगितलं. त्यांनी माझ्या बोटाच्या दिशेने वर बघितलं. मला वाटलं, आता हातातली कात्री फेकून मारतील आणि ते बरोबरही होईल.

"मग नेमका कुठे आहे ते तुम्हालाच माहीत," त्या म्हणाल्या. "बरं झालं तुम्हीच आलात."

त्यानंतर मी कारागीर नव्हतो, त्या कारागीर होत्या. खारीला त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे पोचवलं. भिंत ओली म्हणून विजेचा मेन स्विच बंद केला. दोघांच्या नाकातोंडाला फडकी बांधली. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर मारायची पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि आधी भिजवा, मग हात लावा, असं बजावलं. कोरडं खरवडलं की ती पूड घरभर उडते. चौदा वर्षं भिंती खरवडतोय, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. डागाला आणि रेघांना मात्र धक्का लावायचा नाही, उद्या बाईंना ते जसंच्या तसं दिसलं पाहिजे. काम फक्त वर करायचं.

पाच वाजून गेले होते. तळमजल्यावर उजेड लवकर संपतो. ताईंनी बॅटरीचा दिवा हातात धरला. मी स्टुलावर चढलो, बोटाच्या पेराने भिंत वाजवली. भरीव, भरीव, मग पोकळ. छन्नी लावली. गिलाव्याचा पहिला तुकडा निघाला आणि वास आला. ओल्या गोणपाटावर दूध सांडून कुणीतरी विसरून जावं, तसा. त्यात मागून काहीतरी गोडसर.

हातोडी थांबवली तेव्हा ऐकू आलं. आत घेताना शीळ. सोडताना घरघर.

"ताई, खार खाली आली का?"

"नाही."

"पाइपात पाणी असेल…"

"पाणी आज सकाळपासून बंद आहे."

आम्ही दोघांनी श्वास रोखला. आवाज थांबला नाही. शीळ… घरघर… शीळ. माझ्या कानापासून एका विटेवर. मी उतरायला एक पाय खाली सोडला. पळून जायचं म्हटलं तरी दार त्यांच्या पलीकडे होतं.

आणि त्या काय करत होत्या सांगू? दिवा डाव्या हातात घेऊन, उजव्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवत होत्या. मोजत होत्या. पूर्ण एक मिनिट.

"चाळीस," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी खारीचे एवढेच होते."

मग कान भिंतीकडे नेऊन, आणखी हळू, "पण हे मूल तिच्यापेक्षा मोठं आहे, भाऊ… आवाज मोठ्या छातीचा आहे."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. फडक्यावर फक्त डोळे दिसत होते. "थांबू नका," त्या म्हणाल्या. "कुणीही असो. त्याला हवा हवीय."

मी छन्नी विटेच्या सांध्यात घातली आणि जीव खाऊन घाव घातला. तिसऱ्या घावाला वीट पलीकडे गेली.

आता जे लिहितो ते खोटं वाटेल. बाहेरची हवा आत यायला हवी होती. तसं झालं नाही. खोलीतली हवा त्या भोकाकडे ओढली गेली. ताईंनी दोरीवर अर्धवट शिवलेले फ्रॉक टांगले होते, सात-आठ. ते सगळे एकदम भिंतीकडे वाकले आणि तसेच तिरके राहिले. माझ्या तोंडावरचं फडकं गालांवरून पुढे फुगलं. एक लांब श्वास, लांब, किती लांब… पाण्याखालून वर आलेलं मूल घेतं तसा. मग फ्रॉक सरळ झाले. एकदाच, बारीक खोकला. त्यानंतर भिंतीमागच्या बोळातली थंड, साधी हवा आत आली आणि दुसरा कुठलाच आवाज राहिला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. जिन्यावरून आजींची हाक आली. ताई धावत गेल्या, मी तसाच फडकं बांधून मागे. आजी दारात उभ्या होत्या, घाबरलेल्या नव्हत्या. आत खार गादीवर झोपली होती. आडवी, पाठीवर, हात दोन्हीकडे टाकून. तीन आठवडे ती उशीला टेकून बसूनच झोपत होती. ताई तिच्याजवळ बसल्या आणि पुन्हा घड्याळ बघून मोजायला लागल्या. मोजून झाल्यावर आकडा कुणाला सांगितला नाही. फक्त तोंडावरचं फडकं सोडलं आणि त्यातच तोंड लपवून बसल्या. मी जिन्यात येऊन उभा राहिलो.

झरोका पूर्ण मोकळा करायला आम्ही परत खाली आलो. शेवटची वीट काढून मी हात आत घातला. सँडल तिथेच होती. चार वर्षं ओलीत राहून तिच्यावर बुरशीचा ठिपका नव्हता. रंग तसाच निळा. आणि ती आतून कोमट होती, पायातून नुकतीच काढल्यासारखी.

टाच मनगटाशी ठेवली. टोक माझ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आलं.

मी ताईंना सगळं सांगितलं, तेव्हाचं माप आणि आताचं. भ्रम असेल, असं त्या म्हणाल्या नाहीत. कापड बेतायचा खाकी कागद त्यांनी जमिनीवर पसरला, सँडल त्यावर ठेवली, खडूने कडेकडेने नीट रेघ ओढली आणि वर तारीख घातली.

"आज माप घेऊन ठेवू," त्या म्हणाल्या. "पण ही माझ्या घरात नको… तुम्ही न्या." उरलेला खडू त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून माझ्या खिशात घातला.

झोप लागली नाही. दिवस उजाडताच माझ्या खोलीत, कोरड्या फरशीवर मी कागद पसरला आणि सँडल रेघेवर ठेवली. टाच जुळवली. पुढचं टोक रेघेबाहेर होतं. फार नाही, एका दोऱ्याएवढं. मी खडू काढला, त्याबाहेरून दुसरी रेघ ओढली, तारीख लिहिली. मग मालकांना फोन केला आणि रंग मारला नाही हे सांगितलं. ते जे बोलले ते लिहीत नाही. ते बोलून दमल्यावर, चार वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. ते मूल कुठे गेलं? दवाखान्यात नेलं होतं म्हणे, पुढचं मला ठाऊक नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दहा वाजता तपासणीच्या बाई आल्या. ताई भिंतीपाशी उभ्या राहून एकेक तारीख आणि आकडा वाचून दाखवत होत्या, अजिबात न अडखळता. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि मूल या खोलीत झोपता कामा नये, मालकांनी वरची रिकामी खोली आजच द्यावी, असं लिहून सही केली.

मी बाहेर होतो, पिशवीत छन्नी-हातोडी आणि तळाशी कागदात गुंडाळलेली सँडल घेऊन. त्या रांगेतल्या उरलेल्या तीन खोल्यांचे झरोकेही मीच बुजवले होते. खार पायरीवर बसली होती. गालात बिस्किट. श्वासाचा आवाज नव्हता.

"आतला कुठे गेला गं?" मी विचारलं. सहज, चेष्टेने.

तिने बिस्किट एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि शेजारच्या खोलीकडे बोट केलं.

"दुसरी आणायला."

सँडल तिला कुणी दाखवली नव्हती. मी पिशवीतून छन्नी काढली आणि शेजारच्या खोलीचं दार वाजवलं.