धरून ठेवलेली खुर्ची

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

फेब्रुवारी २०१९. गुरुवार, संध्याकाळचे पावणेसहा. पुण्यातल्या एका जुन्या विद्यापीठाचं वाचनालय.

मी प्रेरणा, वेल्ह्याची. तिथं एम.ए. करत होते. परिसर केवढा तरी... दगडी इमारती, घड्याळाचा मनोरा, वडाखालचा पार, कँटीन. पण पारावर काय आणि कँटीनमध्ये काय, सगळे घोळक्यानं बसणारे. पहिल्याच आठवड्यात मी एका टेबलापाशी "हितं कोन बसलंय का?" असं विचारलं आणि मुली हसल्या. त्यानंतर मी तोंडच मिटलं.

वाचनालयात बोलायचंच नसतं. म्हणून दिवसभर तिथंच बसायचे.

तिथं मुली एकमेकींसाठी खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरायच्या, एसटीत धरतात तशी. माझ्यासाठी कोण धरणार? मग मीच एक वेडेपणा सुरू केला. रोज शेजारच्या खुर्चीवर आपला रुमाल टाकायचा. कुणी विचारलं तर सांगायचं, "शिवानी येतेय."

अशी कुणी शिवानी नव्हतीच. आपलंही कुणीतरी आहे असं लोकांना दिसावं, एवढंच.

महिनाभर बरं चाललं.

मग एकदा पाणी पिऊन आले, तर रुमालाची नीट घडी घातलेली...

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची मागे सरकलेली. मी वाचत होते, आणि शेजारी पान उलटल्याचा आवाज आला...

वळून पाहिलं. कुणीच नाही.

वाऱ्यानं असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

त्या गुरुवारी मी गावाहून परतले, त्यामुळे पोचायला उशीर झाला. दारात ज्ञानूमामा बसले होते. वाचनालयाचे शिपाई, आमच्याच भागातल्या सारोळ्याचे.

"लई उशीर केलास पोरी. तुजी मैत्रीण सकाळपास्नं जागा धरून बसलीया."

"कोण मैत्रीण?"

"शिवानी म्हनली. आपल्याकडलीच दिसती, तुज्यावानीच बोलती. ती बग की..."

त्यांनी बोट दाखवलं आणि ते उठून उभेच राहिले.

सगळं वाचनालय भरलेलं. फक्त त्या दोन खुर्च्या रिकाम्या. माझ्या खुर्चीवर एक पांढरा रुमाल होता...

तो माझा नव्हता.

अंगावर काटा आला. तरी मी जाऊन बसले. खरं सांगते, भीती वाटायच्या आधी मला बरं वाटलं होतं. दिवसभर कुणीतरी माझी वाट पाहिली होती.

साडेसहाला घंटा झाली. पोरं उठून गेली. मीही पिशवी उचलली, आणि अगदी कानाशी...

"प्रेरणे, उद्या येशील न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.

आणि पुन्हा कधी गेले नाही. परीक्षाही दिली नाही. घरी तब्येतीचं कारण सांगितलं.

आता भोरला एका ऑफिसात आहे. ती कोण होती, मला आजही माहीत नाही. पण त्या एवढ्या गर्दीत उद्या येशील का, असं मला विचारणारी ती एकटीच होती.

तिलाच मी फसवलं.

ती अजून तिथं बसली असेल का... बघून यायचा धीर मला झालेला नाही.