दोन खोल्यांत तेवीस मासे

"पाच वाजेपर्यंत टाकी रिकामी पाहिजे," भाऊसाहेब म्हणाले. "नाहीतर शिपायाला सांगून सगळं गटारात ओतायला लावतो."

गुणमालाला आधी वाटलं, ते चेष्टा करताहेत. पण हंबीरराव भाऊसाहेब शाळेचे हेडक्लार्क होते, आणि ते चेष्टा करत नसत. टेबलावरचे कागद चाळत ते बोलत होते. तिच्याकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

"पण भाऊसाहेब, उपाध्ये सर पुण्याला शिबिराला गेलेत. सुट्टीभर माशांना खायला घालायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलंय."

"मग घाल की. घरी नेऊन घाल. विज्ञानाची खोली नव्या इमारतीत हलवायची आहे. आठ दिवसांत टाकी तिथं लावतो, मग आणा परत."

१९७४ सालचा मे महिना होता. सांगलीत दुपारचे रस्ते तव्यासारखे तापत होते. त्या उन्हातून गुणमाला घरी धावली आणि धाकट्या भावाला, धरणेंद्रला, घेऊन आली. शेजारच्या मावशींकडे सुट्टीला आलेला कोरेगावचा लालासाहेबही न बोलावता बरोबर निघाला. गुणमालाचं वय तेरा, लालासाहेबाचं बारा, धरणेंद्रचं नऊ.

विज्ञानाच्या खोलीतली टाकी चार फूट लांब होती. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यात लांबीच्या लगद्याने बसवलेल्या काचा. आत सव्वीस मासे होते. सोनमासे, गप्पी आणि एक काळाकुट्ट मॉली.

"लय झाक हाईत," लालासाहेब काचेला नाक लावून म्हणाला. "आमच्या मामीला दिलं तर ह्यांचं कालवण..."

गुणमालाने त्याच्याकडे पाहिलं.

"न्हाई म्हंजे, हे लय बारकं हाईत. कालवणाला पुरायचं न्हाईत," तो घाईघाईने म्हणाला आणि गुपचूप किटली धरून उभा राहिला.

दुधाच्या दोन किटल्या आणि दोन बादल्या. मासे टाकीतल्याच पाण्यात घेतले आणि चार खेपांत घरी नेले. शेवटच्या खेपेला भाऊसाहेब दारात उभे होते. "संपलं का एकदाचं?" एवढंच ते म्हणाले.

घर म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या. गुणमालाचे वडील, अण्णा म्हणजे आदगोंडा मगदूम, हळदीच्या पेठेत तोलाईचं काम करत. संध्याकाळी ते अंगावरची हळद झटकत आत आले आणि उंबऱ्यातच थांबले. अंघोळीच्या टबात सोनमासे होते. रांजणात गप्पी होते. लोणच्याच्या काचेच्या बरणीत मॉली एकटाच फिरत होता.

"अंघोळ कुठं करायची?" त्यांनी विचारलं.

"चौकातल्या नळावर," आई म्हणाली. "आठ दिवसांचा प्रश्न आहे."

"आणि प्यायचं पाणी?"

"घागरीत भरलंय. अहो, पाणी गाळल्यावर फडक्यातले न दिसणारे जीवसुद्धा आपण परत आडात सोडतो. हे तर डोळ्यांनी दिसताहेत. ह्यांना गटारात जाऊ द्यायचं?"

अण्णांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते नळावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणेंद्र सगळ्यांच्या आधी उठला. माशांना दाटी होतेय असं वाटून त्याने टब नळाच्या ताज्या पाण्याने काठोकाठ भरला. दुपारपर्यंत तीन सोनमासे उलटे होऊन वर तरंगत होते. उरलेले पाण्याच्या तोंडाशी येऊन धापा टाकत होते.

 धरणेंद्र भिंतीकडे तोंड करून बसला.

लालासाहेबाने ओंजळभर पाणी नाकाशी नेलं. "ह्याला दवाखान्याचा वास येतोय. आमच्या गावात पटकीची साथ आलेली, तवा आडात पांढरी पूड टाकलेली. त्योच वास हाय ह्यो."

नळ सोडायला येणाऱ्या माणसाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "व्हय, गावात जुलाब-उलट्या चालू हाईत. पाण्यात जंतू मारायची पावडर दुप्पट टाकायला लागलीया."

मग धावपळ सुरू झाली. बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, आडाचं पाणी शेंदून आणलं. टब अर्धा उपसला आणि हळूहळू बदलला. हवेचं यंत्र शाळेतच राहिलं होतं, म्हणून तांब्याने पाणी वर घ्यायचं आणि उंचावरून धार सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. हे उपाध्ये सरांनी वर्गात शिकवलेलं गुणमालाला आठवलं. तिघांनी पाळ्या लावल्या. धरणेंद्र स्वतःची पाळी संपली तरी उठत नव्हता.

"ऊठ की आता," गुणमाला म्हणाली.

"मी मारले ना तिघांना."

"तू नाही मारलेस. सर नसताना काही तासांत टाकी रिकामी करायला लावली त्याने मारले."

हे बोलताना तिच्या लक्षात आलं की ती भाऊसाहेबांना 'त्याने' म्हणाली होती. आईनेही ते ऐकलं होतं. तिने पुढचा तांब्या भरून गुणमालाच्या हातात दिला.

आठ दिवस सरले. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णा ओसरीवर झोपत होते. आईला दिवस मावळायच्या आत जेवणं आटपायची असत, आणि त्याच वेळेला टबाचं पाणी बदलायचं असे. तरी तेवीसच्या तेवीस मासे जिवंत होते. नवव्या दिवशी सकाळी तिघं शाळेत गेले.

"रंग ओला आहे अजून," भाऊसाहेब म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बघू."

परतताना गुणमालाने नव्या खोलीच्या खिडकीतून आत डोकावलं. भिंती खडखडीत वाळलेल्या होत्या. कपाटं लावलेली, तक्ते टांगलेले. टाकी मात्र कुठेच नव्हती. तिने जुन्या खोलीतही पाहिलं. तिथे तर नुसती जमीन होती.

ती तशीच कचेरीत परत गेली. "भाऊसाहेब, टाकी कुठं आहे?"

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "फुटली."

"फुटली?"

"हलवताना फुटली. काचेची वस्तू आहे, फुटणारच. तुझ्या सरांना मी कळवीन. तू ते मासे कृष्णेत सोडून दे आणि मोकळी हो."

"लोखंडी सांगाडा पण फुटला व्हय?" लालासाहेबाने विचारलं.

"तू कोण रे? ह्या शाळेतला आहेस का? चला, बाहेर व्हा."

तिघं फाटकाबाहेर आले. राग आला की गुणमालाला रडू येई, आणि रडू आलं की आणखी राग येई. ती पाटीच्या खांबाला धरून उभी राहिली.

"आधी म्हणाले रंग ओला, मग म्हणाले फुटली. एका माणसाने पाच मिनिटांत दोन गोष्टी सांगितल्या, म्हणजे त्यातली एक खोटी."

"दोन्ही खोट्या असतील," धरणेंद्र म्हणाला.

लालासाहेब डोकं खाजवत होता. "गड्या, एवढं धूड डोक्यावरनं तर गेलं नसंल. हातगाडी लागली असणार. गाडीवाल्यांना इचारू की."

स्टेशनरोडला हातगाड्या उभ्या राहत. पहिल्या तिघांनी मान हलवली. चौथ्याचं नाव गुंडा. तो गाडीखालच्या सावलीत भाकरी खात होता.

"माशाची टाकी? फुटली म्हनून कोन सांगितलं? म्या स्वता पोचवली की. चार पोती भुसा टाकून, अंड्यागत नेली. भाऊसायबांच्या नव्या घराला. उद्या वास्तुशांत हाय न्हवं त्यांची. आप्पासो पन येनार हाईत, संस्थेचे अध्यक्ष."

"आप्पासो येणार?" गुणमालाने विचारलं. "नक्की?"

"पयली पंगत त्यांच्याच हातानं सुरू व्हायची हाय."

घरी जाताना धरणेंद्र सारखा बोलत होता. "उद्या जायचं आणि सगळ्यांसमोर ओरडून सांगायचं. चोर म्हणायचं."

"ओरडलास की आपणच वाईट ठरू," गुणमाला म्हणाली. "पोरं मस्ती करायला आली म्हणतील आणि हाकलतील. ओरडायचं नाही. टाकी मागायची."

"मागायची? आपलीच टाकी?"

"हो. त्यांचीच आहे असं समजून मागायची."

लालासाहेब रस्त्यातच थांबला आणि हसायला लागला. "अक्का, तू लय बेरकी हायस."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं धुतलेले कपडे घालून निघाले. गुणमालाच्या हातात एक मोठी बरणी होती. तिच्यात दोन सोनमासे आणि वर बांधलेलं पातळ फडकं.

भाऊसाहेबांचं घर नवंकोरं, प्रशस्त होतं. पाच खोल्या असतील. पुढे मांडव घातला होता. दारातच भाऊसाहेबांच्या पत्नी हरणाबाई उभ्या होत्या. त्यांनी पोरांना ओळखलं नाही, पण चेहरा खुलवून म्हणाल्या, "या बाळांनो, उन्हाचं आलात. जेवून जायचं हं."

गुणमालाला एकदम कसंतरी झालं. ह्या बाईंना काहीच माहीत नव्हतं. ती हळूच म्हणाली, "काकू, आधी थोडं काम आहे."

मांडवाच्या कोपऱ्यात टाकी होती. तिचं तोंड वर उघडं, आणि आत बर्फाच्या लाद्या. लाद्यांच्या मध्ये गोटी सोड्याच्या पन्नास-साठ बाटल्या उभ्या केलेल्या. बर्फावरचा भुसा मिसळून पाणी मळकट तपकिरी झालं होतं. पुढच्या पट्टीवर झेंडूची जाड माळ बांधली होती. कोपऱ्यातल्या सांध्यातून पाण्याची बारीक धार सतरंजीवर झिरपत होती.

गुणमाला बघतच राहिली. दोन खोल्यांत तेवीस मासे दाटीवाटीने दिवस काढत होते, अण्णा नळावर अंघोळ करत होते, धरणेंद्रचे तळहात दोराने सोलले होते. सोडा गार व्हावा म्हणून.

"आता?" धरणेंद्र पुटपुटला.

"आता चल."

आप्पासो मांडवात खुर्चीवर बसले होते. पांढरं धोतर, पांढरा फेटा, हातात काठी. उसाच्या शेतात उभं आयुष्य गेलेला म्हातारा. भाऊसाहेब स्वतः त्यांच्या हातात सोड्याची बाटली देत होते. गुणमाला पुढे गेली, वाकून नमस्कार केला आणि बरणी खाली ठेवली.

"आप्पासो, मी आपल्या शाळेची विद्यार्थिनी. गुणमाला मगदूम. भाऊसाहेबांकडे एक मागणं होतं, तुमच्यासमोर केलं तर चालेल?"

भाऊसाहेब घाईने मध्ये पडले. "हे आत्ता कशाला? उद्या शाळेत ये."

"बोलू दे की तिला," आप्पासो म्हणाले. "काय गं पोरी?"

"शाळेची माशांची टाकी हलवताना फुटली, मासे कृष्णेत सोडून दे, असं भाऊसाहेबांनी काल सांगितलं. सगळे मासे आमच्या घरी आहेत. दोनच खोल्या आहेत आमच्या. भाऊसाहेबांकडे अशीच मोठी टाकी आहे, हे आत्ता कळलं. ती त्यांनी थोडे दिवस दिली तर मासे जगतील."

आप्पासोंनी टाकीकडे पाहिलं. "ही व्हय? ही तुमची हाय का, हंबीरराव?"

 भाऊसाहेब म्हणाले, "हो... म्हणजे घरचीच. कोल्हापूरहून आणवली. देऊ की, उद्या-परवा पाठवून देतो."

"उद्या का? बाटल्या काढायला किती येळ लागतोय?"

"मी काढतो," लालासाहेब म्हणाला, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने पट्टीवरची झेंडूची माळ सोडली. "माळ भिजंल, म्हनून काढली."

पट्टीवर पांढऱ्या रंगात, ठळक अक्षरांत शाळेचं नाव लिहिलेलं होतं. त्याखाली 'विज्ञान विभाग'.

आप्पासो काठी टेकत उठले. जवळ जाऊन त्यांनी ती अक्षरं वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. हातातली सोड्याची बाटली त्यांनी न पिता टाकीच्या काठावर ठेवून दिली.

"हंबीरराव, आज तुमच्या घराची वास्तुशांत हाय. म्हनून म्या आवाज चढवत न्हाई. पन पोरांच्या शाळेची वस्तू घरला आनायची, फुटली म्हनून सांगायचं, आन् जीव नदीत सोडा म्हनायचं. ही रीत कुठली?"

"आप्पासो, दोन दिवसांपुरती... परत ठेवणारच होतो."

"मग फुटली कशाला म्हणालात?" गुणमालाने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही दोन दिवस मागितली असती तर सरांनी दिली असती. मासे कुठं ठेवायचे तेही त्यांनी सांगितलं असतं. तीन मासे मेले आमचे."

 हरणाबाई पुढे आल्या. नवऱ्याकडे न बघता त्यांनी पदर खोचला आणि एकेक बाटली काढून खाली ठेवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने भाऊसाहेबही खाली बसले आणि बर्फाच्या लाद्या उचलायला लागले. नव्या झब्ब्याच्या बाह्या भिजल्या तरी ते थांबले नाहीत.

गुंडाने टाकी गाडीवर चढवली. बर्फाने लांबी तडकली होती. काचवाल्याने ती खरवडून नवी भरली, दोन दिवस सुकू दिली, आणि मग पाणी भरून एक दिवस ठेवली. थेंबही गळला नाही.

पुढच्या सोमवारी नव्या खोलीत टाकी उभी राहिली. आप्पासो मुद्दाम गावाहून आले. उपाध्ये सरही शिबिरातून परतले होते, आणि अण्णा पेठेतून तासभर सुटून आले होते. तिघांनी एकेक भांडं टाकीत हळूच तिरकं केलं. मासे आधी कोपऱ्यात गोळा झाले. मग मॉली निघाला, आणि त्याच्यामागे बाकीचे चार फुटांच्या लांबीवर सुसाट पांगले.

"मोठ्यांनी सोडून दिलेलं काम पोरांनी केलं," आप्पासो म्हणाले. "आन् कुनाला वाईट न बोलता केलं. सर, ह्या पोरांना काय द्यायचं?"

"पोरांनाच विचारा," सर म्हणाले.

लालासाहेबाचं तोंड उघडलं होतं, पण गुणमालाने आधीच ठरवलं होतं.

"आप्पासो, ह्या खोलीची किल्ली. सुट्टी संपेपर्यंत. सर नसले तर ती आमच्याकडे राहावी, कचेरीत नको."

आप्पासोंनी मागे वळून पाहिलं. भाऊसाहेब दाराशी उभे होते. त्यांनी जुडग्यातून किल्ली सोडवायला घेतली. कडी घट्ट होती, बराच वेळ लागला. कुणी मदत केली नाही. शेवटी त्यांनी ती गुणमालाच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "सांभाळ."

"सांभाळतेच आहे," गुणमाला म्हणाली. सगळे बाहेर पडल्यावर तिने कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली धरणेंद्रच्या हातात दिली.

"उद्या सकाळचं खाणं तू घालायचंस."