हँडलच्या पिशव्या

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर तिचा शेवट जरा बरा केला असता.

डिसेंबर १९७९. गुरुवार. भोसरी एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड. वेळ दुपारी बाराची. हो, भर दुपारची. भुतं रात्रीच निघतात असं सांगणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की माझ्या वाट्याला जे आलं ते उन्हात आलं.

मी भीमराज. तेव्हा त्या शेडमध्ये फिटर होतो. सत्तावीस वर्षांचा. हातात कला आणि डोक्यात हवा. घरी बायको इंदू आणि पाच महिन्यांची मुलगी.

मला नागपूरला जायचं होतं. छप्पन साली माझ्या वडिलांनी जिथे दीक्षा घेतली ती जागा बघायची होती, आणि तीसुद्धा मोटारसायकलवरून. एवढ्या लांबच्या पल्ल्याला दमदार गाडी हवी. नवी परवडणारी नव्हती. चाकणच्या पुढे एका वस्तीवर जुनी बुलेट विकायला आहे असं कळलं, आणि मी गेलो.

गाडी सुंदर होती. फक्त हँडल उघडं. मुठींचे रबर नाहीत, आरसे नाहीत. नुसता लोखंडी दांडा.

विकणारी बाई गोजाबाई. तिच्या नवऱ्याची, ज्ञानदेवची गाडी. चहा देताना तिने सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही.

“तीन वर्सं झाली त्यांना जाऊन. आसंच थंडीचं दीस. पहाटं कामावर निघाले. मोशीजवळ छातीत कळ आली आसंल… गाडी स्टँडवर लावली, हात हँडलच्या पिशव्यांत घातले आन् टाकीवर डोकं टेकलं. लोकांनी बगितलं तवा इंजिन चालूच व्हतं. हात सुटंनात. मुठींची रबरं कापून काढावी लागली.”

हँडलच्या पिशव्या म्हणजे मुठींवर बांधायच्या रेक्झिनच्या खोळी. थंडीत हात त्यात घालून गाडी चालवायची.

“आन् सगळं फुकाट गेलं बगा,” ती म्हणाली. “गुरुवार व्हता. जुन्या कंपनीत सुट्टी रविवारची. भोसरीला नवीन लागून चारच दीस झालेले. तितं गुरुवारी कंपनी बंद आसती, हे ना त्यांच्या ध्यानात, ना माज्या. मीच डबा भरून दिला.”

आमच्याकडे गुरुवारी वीज बंद, म्हणून कारखानेही बंद. नवा माणूस हमखास फसायचा. गेटवर येऊन, कुलूप बघून, शिव्या घालत परत जायचा. पण ज्ञानदेव गेटपर्यंतसुद्धा पोचला नव्हता.

“तेवढ्या पिशव्या लावू नका, भाऊ.”

मी हो म्हणालो. घरी इंदू म्हणाली, “मेलेल्या माणसाची गाडी दारात आणायची नाही.” तिलाही हो म्हणालो. हो म्हणायला आपलं काय जातंय?

पण डिसेंबरातली पहाट, विदर्भातली थंडी आणि उघडे हात? मी पिंपरीतल्या एका सीटकव्हरवाल्याकडून पिशव्या शिवून घेतल्या. बाहेरून काळं रेक्झिन, आत घोंगडीचा तुकडा. कोऱ्या करकरीत.

गाडी घरी नेता येत नव्हती, म्हणून शेडमध्येच ठेवली होती. खासगी काम करायचं ते गुरुवारी. मालकाची मोटार कधीकधी सुट्टीच्या दिवशीही चक्कर मारायची. त्यावर आमच्याकडे एक तोडगा होता. माणूस आत, कुलूप बाहेर.

वॉचमन दत्तोबांना मी म्हणालो, “मामा, बाहेरून कुलूप लावा. साहेब आले तरी कुलूप दिसेल.”

“लावतो की. मी गावातनं जेवून येतो. दोन तास लागत्याल बगा.”

शटर खाली आलं. कुलूप लागल्याचा आवाज आला. मग दत्तोबांच्या चपला लांब गेल्या.

इंदूला मी मशीन दुरुस्तीला जातो असं सांगून आलो होतो. म्हणजे मी नेमका कुठे आहे, हे त्या एका म्हाताऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

छान काम चाललं. मुठींना नवे रबर घातले. दोन गोल आरसे बसवले. उजवी पिशवी बांधली.

डावी पिशवी मात्र आत सरकेना.

बाहेर काढली. हात घालून बघितली. रिकामी होती. पण आतली घोंगडी… ओलसर लागली. घामेजलेल्या हातांनी कुणीतरी नुकतीच वापरल्यासारखी.

शिवणाऱ्याला एक शिवी हासडली आणि जोर लावून बसवली. आता क्लचची वायर तेवढी बघायची. एक मिनिट इंजिन चालवायचं, बस्स. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये हे मला कळत नव्हतं असं नाही. पण एक मिनिटाने काय होतंय?

गाडी स्टँडवर होती. किक मारली. वर बसलो. दोन्ही हात पिशव्यांत घातले.

घोंगडी ऊबदार होती.

मग डाव्या हाताच्या पाठीवर काहीतरी गार टेकलं…

बोटं.

चार बोटं, माझ्यापेक्षा जाड, घट्टे पडलेली. ती माझ्या बोटांवर बसली. मग उजव्या हातावरही.

मी हात ओढले. पकड आणखी आवळली. किंचाळलो. आरशात बघितलं… माझ्यामागे कुणी नव्हतं. मागची भिंत दिसत होती, आणि तिच्यावर चढत जाणारा निळसर धूर.

तेव्हा मला खरी भीती वाटली. भुताची नव्हे, धुराची. वरच्या खिडक्या बंद. शटर बंद. इंजिन चालू. असा गाडीच्या धुराने झोपेतच गेलेला एक ड्रायव्हर मी पाहिला होता. माझ्याकडे फार तर वीस मिनिटं होती.

“दत्तोबा! ओ मामा!”

आजूबाजूला एरवी प्रेस धडधडतात, माणसं ओरडून बोलतात. त्या दिवशी शंभर शेडमध्ये एक माणूस नव्हता.

चावीपर्यंत तोंड पोचेना. मग फिटरचं डोकं चाललं. गाडी गिअरमध्ये टाकायची आणि मागचा ब्रेक दाबायचा. इंजिन गपकन बंद पडणार. मी उजव्या पायाने गिअर टाकला. डाव्याने ब्रेक दाबला…

इंजिन बंद पडलं नाही. डाव्या पिशवीत क्लच दाबला गेला होता.

तो मी दाबला नव्हता.

पुन्हा केलं. पुन्हा क्लच दाबला गेला, अगदी हलक्या हाताने, सरावाने. रोज गाडी चालवणारा माणूस दाबतो तसा. त्याला इंजिन बंद पडू द्यायचं नव्हतं. त्याला कुठेतरी पोचायचं होतं.

डोकं जड झालं. कपाळात ठोके पडू लागले. मी रडायला लागलो. लाज कसली सांगायला? पोरीचं अजून नावही ठेवलं नव्हतं आम्ही.

“सोडा हो. पाया पडतो. सोडा.”

पकड तशीच. आणि माझं डोकं हळूहळू टाकीकडे झुकत होतं. मी ते वर उचलत होतो आणि ते पुन्हा झुकत होतं. तो बसला होता तसाच मी बसत चाललो होतो.

टाकीचा पत्रा कपाळाला लागला, आणि गोजाबाईचा आवाज आठवला. मीच डबा भरून दिला.

मी भुताशी बोललो नाही. मी एका कामगाराशी बोललो. नव्या माणसाशी गेटवर बोलतात तसा.

“ज्ञानदेवभाऊ… आज गुरुवार आहे.”

बोटं हलली.

“गुरुवार आहे भाऊ. सुट्टी. कंपनी बंद आहे. ऐका ना… एक तरी प्रेस चालू आहे का? भोंगा तरी वाजला का? तुम्हाला उशीर झालेला नाही. खाडा लागणार नाही. उद्या या.”

बराच वेळ काही झालं नाही. मग इंजिन अडखळलं… आणि बंद पडलं.

त्या शांततेत एकेक बोट सुटलं. करंगळी सगळ्यात शेवटी.

मी खाली पडलो. सरपटत शटरपाशी गेलो आणि खालच्या फटीला नाक लावून पडून राहिलो. दत्तोबांनी कुलूप काढलं तेव्हा दोन वाजले होते. मी त्यांना धुराने चक्कर आली एवढंच सांगितलं. गाडीची चावी काढून खिशात टाकली. गाडी आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. पहिली शिफ्ट सातची. मी पावणेसातला गेटवर पोचलो.

गाडी गेटबाहेर उभी होती. स्टँडवर, नीट रांगेत, कामगारांच्या सायकलींशेजारी.

दत्तोबा म्हणाले, “मगाशीच येऊन गेलास व्हय? कुलूप तर अजून मीबी काडलं न्हाई. गाडी भाईर कवा आणलीस?”

मी सायलेन्सरला बोट लावलं. चटका बसला. चावी माझ्या खिशातच होती.

त्याच दुपारी टेंपो करून गाडी चाकणला परत नेली. पिशव्या ब्लेडने कापून आधीच जाळल्या होत्या. गोजाबाईने कारण विचारलं नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती. दोन्ही हातांवर चार-चार निळे वळ होते.

मग मी तिला सगळं सांगितलं. गुरुवारचं आणि शुक्रवारचंही.

ती खाली बसली. पदराने तोंड पुसलं. आणि तिने एकच विचारलं.

“मंग… येळेवर पोचले का वो?”

“पोचले,” मी म्हणालो. “सातच्या आत.”

ती इतकी मोकळी होऊन रडली, की मला माझी भीती सांगायची लाज वाटली. नागपूरला मी पुढे एसटीने गेलो.

त्या शेडमध्ये मी आणखी अकरा वर्षं काढली. मशीनच्या चाकावर हात ठेवण्याआधी जरा थांबायचो. कधीकधी पहिल्या शिफ्टला ते चाक ऊबदार असायचं… आदल्या रात्रीपासून बंद असलेलं मशीन.

त्या माणसाला मी कामावर बोलावून बसलो होतो. शिफ्ट सुटली, आता घरी जा, असंही मीच सांगायला हवं होतं. गोजाबाई वाट बघत असेल, हे कळत होतं.

पण त्यासाठी त्याचे हात पुन्हा हातात घ्यावे लागले असते. माझी हिंमत झाली नाही.