अळणी चिवड्याचा डबा

बंडोपंतांनी पोह्यांचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आज खारट! मागच्या गुरुवारी अळणी! मार्गशीर्ष आला की आमच्या पोटाचे हाल सुरू. बायकोचा गुरुवारचा उपास, म्हणून ती काही चाखत नाही. मीठ घालते अंदाजानं आणि भोगायचं मी."

"मग स्वतः करा," अनसूयाबाई रणपिसे म्हणाल्या.

पिरंगुटला सिमेंटच्या दुकानावर त्यांची कचेरी होती. जमिनीचे खोटे सौदे उघडकीला आणायचे आणि लग्नाआधीच्या चौकशा करायच्या, हा त्यांचा रोजचा धंदा. बंडोपंत तलाठी कचेरीतून निवृत्त झालेले. बाईंच्या मदतीला येत आणि बरोबर नको तिथे बोलत.

तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारे गृहस्थ आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेला डबा. हे जवळच्या भरे गावचे शांतवन साळवे गुरुजी. त्यांनी डबा टेबलावर आदळला.

"बाई, माझी कुणीतरी थट्टा चालवलीय. नाताळच्या दिवशी! मेलेल्या बाईच्या नावानं!"

डबा स्टीलचा होता. झाकणावर नाव कोरलेलं होतं, सौ. सगुणाबाई शां. साळवे.

"माझी बायको उन्हाळ्यात गेली," गुरुजी म्हणाले. "आमच्यात नाताळला फराळ असतो. करंज्या, शेव, आणि सगुणाचा चिवडा. सालासकट ठेचून तळलेला लसूण घालायची. अख्खी आळी त्यासाठी थांबायची. ती गेल्यावर हा डबा घरात कुठे सापडला नाही. आणि आज प्रार्थनेहून घरी येतो तर उंबऱ्यावर हा, असाच चादरीत गुंडाळलेला! आत तोच चिवडा, तोच लसूण."

अनसूयाबाईंनी चादर सोडून डब्याच्या बुडाला हात लावला. मग चिमूटभर चिवडा तोंडात टाकला.

"अजून कोमट आहे. मीठ मात्र नाही."

"सगुणा मीठ कधी विसरली नाही. थट्टाच आहे ही. कोण ते शोधा, मी त्याला सोडणार नाही. आणि थट्टा नसेल तर..." गुरुजींनी झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं.

बंडोपंतांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. त्यांचीही आई असाच चिवडा करायची.

तिघं भऱ्याला पोचले, तेव्हा गुरुजींच्या शेजारच्या रंभाबाई ओट्यावर बसून भाकरी आणि ठेचा खात होत्या. भाकरी पाहून बंडोपंतांची भूक खवळली.

"सगुणा माजी सख्खी भैन म्हना की," रंभाबाई घास गिळत म्हणाल्या. "पन चिवडा कसा करायचा त्ये मला बी सांगितलं न्हाई तिनं. म्हनायची, ज्याचा हक हाय त्यालाच देनार."

"त्या कुठे जायच्या-यायच्या?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"आजारी पडायच्या आदी दर म्हैन्याला मालेच्या यष्टीत बसायची. म्हनायची, तांदूळ आनाया जातेय."

"मालेचं नाव काढू नका!" गुरुजी कडाडले.

दुसरा संशयित जयसिंग. प्रार्थनेत पेटी वाजवणारा. उन्हाळ्यापासून त्याचं गुरुजींशी बोलणं बंद होतं. पेटी पुसता पुसता तो म्हणाला, "सकाळपासून मी यांच्याच शेजारी बसून वाजवतोय. सगळ्या मंडळींनी पाहिलंय. डबा कधी ठेवणार? आणि बोलणं का बंद, तेही सांगतो. काकू गेल्या तेव्हा मी हात जोडले, निरंजनला मातीला बोलवा म्हणून. पोटचा पोरगा आहे. यांनी बोलावलं नाही."

"निरंजन कोण?"

गुरुजी खिडकीकडे बघत म्हणाले, "मुलगा होता. मालेच्या शेतकऱ्याच्या मुलीशी, त्या रेश्माशी लग्न केलं. धर्मही तिचा तिनं सोडला नाही. मी दार लावून घेतलं. त्या घरचं पाणीही नको म्हणालो."

"मागच्या नाताळचा चिवडा कुणी केला?" अनसूयाबाईंनी अचानक विचारलं.

"सगुणानंच. मी गाण्यांच्या सरावाला गेलो होतो. आलो तर डबा भरलेला."

"तेव्हा त्या आजारी होत्या ना?"

"गणपतीतच उजवं अंग गेलं होतं. पण चव तीच हो! मी सगळ्यांना सांगितलं, सगुणाचा हात पडला तरी हाताची चव गेली नाही."

हे बोलताना गुरुजींचा चेहरा उजळला.

गुरुजींच्या स्वयंपाकघरात अनसूयाबाईंनी डबा मधे ठेवला.

"गुरुजी, कढईभर चिवडा हलवायला दोन धड हात लागतात. मागच्या वर्षी सगुणाबाईंचा उजवा हात पडलेला होता. म्हणजे हलवणारं कुणी दुसरं होतं, आणि त्या शेजारी बसून सांगत होत्या. ज्याला ही रीत सांगितली, त्याला डबाही दिला."

"कोण?"

"आता मीठ बघा. लसूण इतक्या निगुतीनं तळणारी बाई मीठ कशी विसरते? घाई असेल. पण एक दाणा तोंडात टाकला असता तर तिथेच कळलं असतं. तिनं चाखलं नाही. डबा कोमट, म्हणजे चिवडा आज सकाळचा. आज वार कोणता, बंडोपंत?"

"गुरुवार." बंडोपंत ताडकन उठले. "मार्गशीर्षातला! अहो, माझे पोहे!"

"तुमचे पोहे. करणारीचा आज उपास आहे. तुमच्या मंडळींपैकी कुणी हा उपास धरत नाही. रंभाबाई धरतात म्हणावं, तर त्या आपल्यासमोर भाकरी खात होत्या. मग राहिलं मालेचं घर. सगुणाबाई तिथे जायच्या त्या तांदळासाठी नव्हे. त्या हलेनाशा झाल्यावर सून इकडे यायची, तुम्ही सरावाला गेलात की. ज्याचा हक्क त्यालाच, असं म्हणायच्या ना? तो हक्क तुमच्या सुनेचा. तिनंच हा डबा ठेवलाय."

गुरुजींनी डबा जवळ ओढला.

"मागच्या वर्षी तर मीठ बरोबर होतं," ते पुटपुटले.

"मागच्या वर्षी चाखायला सगुणाबाई होत्या."

बंडोपंतांनी चष्मा पुसायला घेतला. तो पुसून झाला तरी पुसतच राहिले. शेवटी गुरुजी उठले, फळीवरची मिठाची बरणी काढली, डबा काखेत घेतला आणि म्हणाले, "चला."

मालेत पोचेपर्यंत उन्हं कलली होती. रेश्मा अंगणात तुळशीपाशी होती. गुरुजींना पाहून ती थिजलीच. मग पदर सावरून पाया पडली.

"पोरी, मीठ विसरलीस," गुरुजी म्हणाले. त्यांनी बरणी पुढे केली.

"आगं बया! सकाळच्या यष्टीची गडबड, मामंजी. उपास हाय, म्हनून चाखला न्हाई. आत्याबाईंनी वचन घेतलं हुतं. म्हनाल्या, मी न्हाई ऱ्हायले तरी नाताळाला त्यांच्या ताटात चिवडा पडू दे."

"निरंजननं नाही चाखला?"

"त्ये शिवत न्हाईत. आई गेल्यापास्नं."

दारात निरंजन उभा होता. कधी आला कुणाला कळलं नाही. तो आत या म्हणाला नाही, चालते व्हा म्हणाला नाही.

"आईनं शेवटी माझं नाव घेतलं होतं?"

"घेतलं होतं," गुरुजी म्हणाले. "रात्रभर घेत होती."

"मग मला का नाही कळवलंत?"

उत्तराची वाट न पाहता निरंजन आत वळला.

"चला, निघू या," बंडोपंत कुजबुजले.

"नाही," गुरुजी म्हणाले. "हिचा उपास सुटेपर्यंत मी बसतो."

ते अंगणातच बसले. आत रेश्मानं घटाची पूजा केली, कहाणी वाचली. एकेकाळी ज्या पूजेपायी त्यांनी दार लावलं होतं, ती ते हात जोडून ऐकत होते. दिवा लागला. नैवेद्याच्या घासानं उपास सोडून रेश्मा बाहेर आली. गुरुजींनी डब्यात मीठ टाकलं, हातानं कालवलं आणि चिमूट तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं चाखली.

"आता झाला आत्याबाईंसारका."

तिनं बशी भरली आणि आत नेली.

बऱ्याच वेळानं आतून चिवडा चावल्याचा कुरकुर आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा. मग तो थांबला आणि निरंजनचं रडू फुटलं. मोठ्यानं, लहान पोरासारखं, "आई गं" करत.

गुरुजी उठले, दारापर्यंत गेले. उंबऱ्याशी त्यांचे पाय अडले. आत जायचा हक्क त्यांना कुणी दिला नव्हता, आणि ज्यानं द्यायचा तो रडत होता. ते उंबऱ्याबाहेर खाली बसले आणि तिथूनच हलक्या आवाजात म्हणाले, "निरंजन, मीठ बरोबर आहे का रे?"

आतलं रडणं हळूहळू ओसरलं. थोड्या वेळानं रेश्मानं चिवड्याची दुसरी बशी आणून त्यांच्यापुढे ठेवली.