बांधावरचा अतीत

कंदिलाची वात खाली करा. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं; नंतर परसात जायला सोबत मागितलीत तर मी उठणार नाही. उघाडीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळच्या, नामाला तुम्ही सगळे ओळखता. गोष्ट त्याची. त्यानंच मला सांगितली, आणि खोटं बोलायला जेवढं बोलावं लागतं तेवढं नामा बोलतच नाही.

सन चोपन्न, श्रावणातली पिठोरी अमावस्या. चौलच्या खाडीकडची आपली खार तेव्हाही अशीच होती. बाहेर समुद्राचं पाणी, आत भात, आणि मधे मातीचा बांध. खारं पाणी एकदा आत शिरलं की तीन वर्षं दाणा दिसत नाही. फार पूर्वी असाच बांध फुटला तेव्हा आपला धाकू पाटील त्या खांडीत आडवा पडला. तो मेला, पण पाणी अडलं. तेव्हापासून बांधाची राखण त्याच्याकडं. पिठोरीला घराघरात आया खांद्यावरून मागं वाण धरतात, "अतीत कोण?", म्हणजे दारी आलेला पाहुणा कोण, असं विचारतात, आणि मागं उभं असलेलं पोर "मी" म्हणून ते घेतं. तसंच आपल्याकडं बांधावर. एकानं भात वाढलेलं पान खांद्यावरून मागं धरायचं आणि विचारायचं. दुसऱ्यानं मागून धाकूचं नाव सांगून पान घ्यायचं. वळून बघायचं नाही.

हे काम नामाच्या चुलत्यांचं, बाबाजीकाकांचं. त्या साली ते तापानं फणफणले होते, म्हणून त्यांनी नामाला पाठवलं. मागं उभा राहायला शेजारचा सदू जायचा होता, पण सदूचा पत्ता नाही. कामाच्या वेळी तो कधी सापडलाय? तिन्हीसांज उलटायला आली. एवढ्याशा कामाला दोन माणसं कशाला, म्हणून नामा एकटाच गेला.

परत आल्यावर काकांनी विचारलं, "मागून नाव कोन बोललं?"

"कोनी न्हाय."

"मग पान खाली ठेवलंस?"

नामा म्हणाला, "न्हाय काका. घेतलं कोनीतरी."

काका अंथरुणात उठून बसले. "नाव न सांगता ज्यानं घेतलं, त्याच्या हातात बांध गेला. राखील न्हायतर बुडवील. भरती चढायच्या आत जा, धाकूचं नाव घे आन् बांध सोडवून आन."

नामाच्या बायकोनं, बायजानं, दारात वाट अडवली. "सकाळी जा," म्हणाली.

"सकाळी भात नसंल," नामा म्हणाला, आणि कंदील घेऊन निघाला.

आता नामाच्या मनात काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खांडीत मेलेला आणखी एक माणूस त्याला माहीत होता. नामा गोऱ्यांच्या, इंग्रजांच्या पलटणीत होता. जपान हरला त्या साली त्यांना सायगावला नेलं. मुलूख व्हिएतनामी लोकांचा. आधी तो फ्रेंचांनी बळकावला, मधे जपान येऊन बसला, आणि जपान गेल्यावर फ्रेंच पुन्हा दारात हजर. लोक म्हणाले, आता कोणीच नको. काय चुकलं त्यांचं? आपणही तेच म्हणत होतो. पण गोऱ्यांना दुसऱ्याच्या हातानं साप मारायची सवय. फ्रेंचांना गादीवर बसवायला आपली पोरं पुढं केली. माझं डोकं अजून फिरतं त्या गोष्टीनं. नामा म्हणायचा, तिथं उतरलो आणि वाटलं चौललाच आलो. तशीच भातं, तसेच माड, तसाच बांध. एका गावानं बंडवाल्यांना जेवू घातलं म्हणून साहेबानं त्या गावाचा बांध फोडायला लावला. फावडं नामाच्या हातात दिलं. नामानं खणलं. पाणी आत जायला लागलं तसा एक म्हातारा आला आणि खांडीत बसला. ऊठ म्हटलं, उठला नाही. साहेबानं पिस्तूल काढलं तरी उठला नाही. नामाकडं बघत राहिला. गोळी साहेबाची होती. खांड नामाची होती.

तर नामा बांधावर पोचला. अवसेची भरती मध्यरात्रीची. पाणी बांधाच्या माथ्याला टेकायला आलं होतं. काळोख. वारा पडलेला. आणि पुढून आवाज... खच्. थोडा वेळ काही नाही. पुन्हा खच्.

भूत नव्हतं ते, खोताचा माणूस गुणाजी होता, आणि बरोबर दोन गडी. खोती कायद्यानं गेली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. जमीन खारी झाली की कुळं पोटामागं मुंबईला जातील आणि जमीन पुन्हा आपली, असा खोताचा बेत. पिठोरीच्या रात्री बांधावर कोणी फिरकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. खांड पडली होती. पाणी आत झेपावत होतं.

"फावडं खाली ठेव, गुणाजी."

"घरी जा, नामा. तुझ्या एकट्यानं काय व्हनार हाय?"

"काय व्हनार न्हाय. तरी जानार न्हाय."

नामानं कंदील बांधावर ठेवला, खांडीत उतरला आणि खाली बसला. पाठ खाडीकडं. पाणी छातीपर्यंत. पाठीवर सगळ्या समुद्राचा रेटा. पाय सरकायला लागले. गुणाजीनं फावडं वर उचललं.

आणि रेटा थांबला.

नामाच्या पाठीला काहीतरी टेकलं. गार. ओलं. हाडकुळं. पाठ होती ती... कोणीतरी त्याच्या पाठीला पाठ लावून बसलं होतं. समुद्राकडं तोंड करून.

गुणाजीनं कंदील उचलला. वाकला. नामाच्या खांद्यावरून मागं बघितलं.

"नामा... तुझ्या मागं..."

फावडं पाण्यात पडलं. तिघे पळाले. गुणाजी दुसऱ्या दिवशी बोर्लीला बहिणीकडं गेला, तो परत आला नाही. काय बघितलंस, असं विचारलं की उठून जायचा.

नामा वळला नाही. धाकूचं नाव घ्यायला तोंड उघडलं... आणि घेतलं नाही.

"अतीत कोण?"

पाठीमागं श्वाससुद्धा नाही.

"त्या दिवशी फावडं माझ्या हातात व्हतं, बाबा."

नामानं पाय चिखलात रोवले.

"आज न्हाय. आज मी उठनार न्हाय. तू पन उठू नको."

मागची पाठ घट्ट टेकली. एवढंच. पाणी खांद्याला आलं. हनुवटीला आलं. भीती वाटत होती, खूप वाटत होती, आणि तरी तो बसला. कधीतरी भरती उतरली. कधीतरी त्याचे डोळे मिटले.

उजाडताच बायजा गावाला घेऊन आली. नामा बांधावर कोरड्या जागी निजला होता. खांड नव्हती. तिथं नवी माती भरलेली, पहिल्या बांधापेक्षा वीतभर उंच, आणि वर थापल्याचे पंजे. एका म्हाताऱ्याचे नव्हते. शेकड्यांनी होते. बायांचे, बाप्यांचे, एकावर एक. गावातल्या प्रत्येकानं हात लावून बघितला. एकाचाही बसला नाही.

खोतानं पुन्हा बांधाकडं बोट केलं नाही. कुळकायद्यात जमीन आपल्या नावावर झाली आणि आज तुम्ही जेवलात तो तिचाच भात. चौदा वर्षं झाली, बांध एकदाही फुटला नाही. आता तिकडं व्हिएतनामात अमेरिका उतरलीय; पेपर तर तुम्हीच आणता मुंबईहून. वरून बाँब पडतायत आणि ती माणसं काही उठत नाहीत. इकडं आपण दर वर्षी बांध नव्या मातीनं लिंपतो. दर पिठोरीच्या दुसऱ्या सकाळी तिच्यावर पंजे असतात, आणि दर वर्षी आधीपेक्षा जास्त.

यंदाचे मी परवा जाऊन बघितले. बहुतेक लहान मुलांचे आहेत. खोल दाबलेले.