शेवटच्या पाकिटातला घेवडा

तिला पुस्तक नको होतं. दुपारभर वाचनालयात पेपर वाचत बसणाऱ्या एका आजोबांचा चष्मा पोचवायला ती आली होती. चष्मा देऊन वळली, तर टेबलामागे तरुण ग्रंथपाल चक्क घेवड्याच्या बिया निवडत बसलेला. एकेक बी उजेडाकडे धरायचा, फिरवून बघायचा, मगच पाकिटात टाकायचा.

"आज स्वयंपाक इथेच का?" तिनं विचारलं.

त्यानं दचकून वर पाहिलं. हातातली बी टुणकन उडाली आणि तिच्या चपलेपाशी जाऊन थांबली.

"या आम्ही वाचायला देतो... म्हणजे, पेरायला. पुस्तकासारख्याच. न्यायच्या, लावायच्या, शेंगा वाळल्या की त्यातल्या नव्या बिया आणून द्यायच्या."

"आणि नाही आणल्या तर? दंड?"

"दंड नाही. फक्त... वाईट वाटतं."

तिला हसू आलं. त्यानं मागचे लाकडी खण उघडून दाखवले. पूर्वी त्यांत पुस्तकांची कार्डं असायची, आता लहान लहान पाकिटं होती. एका न्हाव्याच्या पणजोबांपासून चालत आलेला भोपळा. कुणाच्या तरी आत्यानं सासरी नेलेली लाल मिरची. ती बघतच राहिली. अख्खे वेल, अख्खे मांडव, आणि एका खणात मावलेले!

"मलाही द्या काहीतरी. पण आधीच सांगते, माझ्या हातून पुदिनासुद्धा जगलेला नाही."

"मग घेवडाच घ्या. तो बिचारा सगळं सांभाळून घेतो."

त्यानं न बघताच खणात हात घातला. बघत होता तो तिच्याकडे. हे तिच्या लक्षात आलं, आणि खरं सांगायचं तर, आवडलंही. त्या न बघण्यानं काय घोटाळा केलाय, हे मात्र त्या क्षणी दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो धापा टाकत तिच्या वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात शिरला.

"ते पाकीट... परत मिळेल?"

"अहो, कालच तर नेलं! शेंगा तरी येऊ द्या."

"पेरल्या?"

"पेरल्या. पाणीसुद्धा घातलं."

तो मटकन स्टुलावर बसला. समोर भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता होता, त्याकडे बघत राहिला, पण वाचत काहीच नव्हता.

"ते द्यायचं पाकीट नव्हतं, खणात मागे जपून ठेवलेलं होतं," तो म्हणाला. "आईच्या घेवड्याचं शेवटचं पाकीट होतं. ती दरवर्षी लावायची. ती गेली... आणि माझं धाडसच झालं नाही. नाही उगवलं, तर संपलंच ना? पाकिटात आहे तोवर आहे, असं वाटायचं."

ती ताडकन उठली. "मी आत्ता उकरून आणते."

"नको! भिजलेल्या बीला आता हात नको लावायला." मग हळूच म्हणाला, "चूक माझीच आहे. मी खणात बघत नव्हतो."

"माहितीय मला, कुठे बघत होता ते," ती म्हणाली आणि लगेच चष्मे पुसायला लागली.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. कधी त्याच्या चष्म्याची नाकावरची पॅड टोचायची, कधी काडीचा स्क्रू ढिला व्हायचा.

"या गृहस्थाच्या चष्म्याला झपाटलंय की काय?" बाबा म्हणाले.

"बाबा, हा स्क्रू आपोआप ढिला झालेला नाही. नखानं फिरवलाय कुणीतरी." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. त्याचे कान लाल झाले. बाबांना एकाएकी आतल्या खोलीत काम आठवलं.

पण गच्चीवरच्या कुंडीत काहीच हालचाल नव्हती. ती सकाळी उठून आधी तिथे जायची. माती ओली, काळी, गप्प. आठवडा गेला. तो विचारायचा नाही आणि ती सांगायची नाही. त्याला कसं सांगायचं, की तुझ्या आईचं शेवटचं काही माझ्या कुंडीत कुजून गेलं?

मग एका सकाळी मातीला चीर दिसली.

तिनं दुकानातलं भिंग आणलं आणि वाचनालयात फोन केला. तो हातातला शिक्का तसाच घेऊन धावत आला. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर दोघं पालथी पडली. भिंग एकच होतं, त्यामुळे डोकी जवळ आणावी लागली.

चिरेतून एक वाकलेली पांढरट मान वर येत होती. तिच्या पाठीवर मातीचं ढेकूळ होतं, तिच्यापेक्षा किती तरी मोठं. ढकलताना दिसत नव्हती, पण ढेकूळ उचललं जात होतं. इतकी वर्षं अंधारात, कागदात पडून राहिलेली ती बी. पाणी मिळालं, आणि कुणीही न शिकवता तिला वर कुठे आणि खाली कुठे हे कळलं.

"श्वास हळू सोडा," ती कुजबुजली. "तिला लागतोय."

"मी सोडतच नाहीये," तो म्हणाला.

सगळ्या बियांमधली ती एकच उगवली. एकच वेल, पण सुतळी धरून असा चढला की खांबाच्या वर जाऊन हवेत हात फिरवू लागला. जांभळी फुलं आली, शेंगा लटकल्या. तेव्हाच कधीतरी 'अहो' मागे पडलं.

"एवढ्या शेंगा, मूठभर भाजीला दिल्यास तर काय बिघडतं गं?" बाबा म्हणाले.

"हात लावून तर बघा, बाबा!"

"बघा जावईबापू, घरातच पहारा बसलाय," बाबा म्हणाले, आणि जीभ चावली. दोघंही वेलाकडे बघत राहिली, जणू काही ऐकलंच नाही.

शेंगा वाळल्या, हलवल्या की खुळखुळू लागल्या. पहिली शेंग त्यानं तिच्याकडेच दिली. तिनं अंगठ्यानं दाबली. आत काळ्याभोर बिया, प्रत्येकीवर पांढरा शिंतोडा, आणि प्रत्येकीचा वेगळा. त्यानं एक उचलून मुठीत धरली. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत.

"मला तुझ्या आई भेटल्या नाहीत," ती म्हणाली. "पण आज थोड्या भेटल्या."

नव्या बिया खणात ठेवल्या त्याच दिवशी एक बाई आल्या. कामावरून थेट आलेल्या, बाहीला पीठ लागलेलं. बेकरीत काम करत असाव्यात.

"घेवडा आहे का हो? खिडकीत लावायचाय. जमेल की नाही, देव जाणे."

त्यानं पाकीट काढलं. हात पुढे केला, पण बोटं सुटेनात. बाई थांबल्या. ती टेबलाच्या या बाजूला, बाईंच्या शेजारी उभी होती. त्याला काय होतंय, ते या शहरात तिच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. पण तिनं हात लावला नाही. हे त्याचं त्यालाच सोडायला हवं होतं.

बोटं सुटली.

"रोज थोडंच पाणी घाला," तो त्या बाईंना म्हणाला. "आणि नाही उगवलं, तरी या. अजून देईन."

बाई गेल्या. तो रिकाम्या तळहाताकडे बघत होता. तिला वाटलं, मातीतून मान वर काढणारं ते रोप पाहिलं तेव्हा जसा श्वास अडकला होता, तसाच आपला आता अडकलाय. ती टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली आणि त्या तळहातावर स्वतःचा हात ठेवला.

"मी तुझ्यावर प्रेम करते," ती म्हणाली. "हे आता, या क्षणी, नक्की झालं."

पेपरमागून आजोबांनी खाकरून म्हटलं, "वाचनालयात शांतता पाळावी."

पण पेपर काही खाली केला नाही.