शेवटच्या फेरीची घंटा

मी थापाड्या आहे, हे सायकल ट्रॅकवरचा हवा भरणाराही सांगेल. पण ही थाप नाही. गेल्या शनिवारी, संध्याकाळी साडेपाचला, लख्ख उजेडात घडलंय.

शर्यतीत उतरण्याआधी प्रत्येक नवख्याला मी तीन गोष्टी सांगतो. या सायकलीला ब्रेक नसतो. चाक फिरतंय तोवर पायही फिरतात. आणि शेवटच्या फेरीची घंटा ऐकल्याशिवाय सरावसुद्धा संपवायचा नाही.

घंटा तीस वर्षं मीच वाजवतोय. सरावालाही ती का लागते, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी ट्रॅकवर माझी भाची एकटीच होती. आम्ही तिला भिंगरी म्हणतो. दुसऱ्या दिवशी तिची पहिली शर्यत. वीस फेऱ्या ठरल्या होत्या.

मी मेकॅनिकला माझ्या तरुणपणाच्या बाता ऐकवत होतो. "एकदा तर मी वाऱ्याला मागे टाकलं..."

"मामा, वारा त्या दिवशी रजेवर असेल!" समोरून जाता जाता भिंगरी ओरडली.

हसण्याच्या नादात घंटा राहून गेली.

एकविसावी फेरी. बाविसावी...

"अगं, बास झालं! ये खाली!"

"घंटा कुठेय, मामा? मागचा थांबूच देत नाहीये!"

मागे कुणीच नव्हतं.

पण टायरचा आवाज... दोन सायकलींचा येत होता.

मी घंटेकडे धावलो. पोचायच्या आत भिंगरी पडली.

हाड मोडलं नाही. पण शुद्ध आली नाही.

आणि पाय... थांबले नाहीत.

दवाखान्यात पांघरुणाखाली अजून गोल गोल फिरताहेत. पट्ट्यांनी बांधून पाहिले, पट्ट्या तुटल्या. "हृदय फार दिवस नाही पेलणार," डॉक्टर म्हणाले.

काल मी घंटा काढून दवाखान्यात नेली. वाटलं, ऐकेल आणि थांबेल. तिच्या उशाशी हलकीच टिचकी मारली...

खाट हलायला लागली. उशाजवळचं मशीन ओरडायला लागलं. मी घंटा पोटाशी दाबली.

तीस वर्षं वाजवूनही विसरलो होतो. शेवटच्या फेरीची घंटा ऐकून कुणी थांबत नाही. अंगात असेल नसेल तो सगळा जोर लावतात.

ताई, भिंगरीची आई, पायथ्याशी बसलीय. काल मला शिव्या देत होती. आज म्हणाली, "वाजव रे. सुटू दे माझ्या पोरीला एकदाची."

घंटा माझ्या मांडीवर आहे. हात उचलत नाही.

आणि खाटेमागून दुसऱ्या टायरचा आवाज येतोय... तिच्याच लयीत, जराही घाई न करता.